चंद्रावरचे पाणी, लातूरची घागर

साठच्या दशकात केरळमधल्या थुंब्याच्या किनाऱ्यावरून भारताची पहिली लहान लहान रॉकेटे उडू लागली. त्याच काळात डॉ. विक्रम साराभाई यांनी एक गोष्ट स्वच्छ सांगून ठेवली होती. चंद्रावर किंवा ग्रहांवर जाण्याच्या शर्यतीत श्रीमंत देशांशी बरोबरी करायचे स्वप्न आपण पाहत नाही. अवकाशविज्ञान आपल्याला हवे ते इथल्या माणसाचे प्रश्न सोडवण्यासाठी. हवामान, शेती, दूरसंपर्क, शिक्षण. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांच्यासारखी मंडळी त्यांच्याबरोबर होती आणि त्यांनी हे मनावर घेऊन आयुष्यभर काम केले. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात गेले.

मग तीस-बत्तीस वर्षांनी त्यांच्याच संस्थेने चंद्रावर यान पाठवायचे कसे ठरवले? आपल्या संस्थापकाचा शब्द मोडला, की त्या शब्दाचा अर्थ पुढे नेला? मला या मोहिमेच्या उड्डाणापेक्षा तिच्या आखणीचा इतिहास जास्त ओढतो, तो यासाठी. कारण 'कशाला?' हा प्रश्न त्या आखणीला पहिल्या दिवसापासून चिकटलेला होता आणि आमच्या मराठवाड्यात तर तो अजूनही विचारला जातो.

मी विज्ञानाचा माणूस नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि कविता लिहीत राहिलो. पण चंद्राशी आमचा व्यवहार जुना. लहानपणी लातूर जिल्ह्यातल्या ज्या गल्लीत वाढलो, तिथे चंद्राची वाट पाहणारी दोन प्रकारची माणसे होती. रमजानच्या एकोणतिसाव्या रोज्याला आम्ही पोरे धाब्यावर चढून पश्चिमेकडे डोळे लावून बसायचो, आणि खालून हाक यायची, "चाँद दिख्या क्या रे?" शेजारच्या देशपांडेकाकू संकष्टीला भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ बघून ताट तयार ठेवायच्या. आम्हाला चंद्र दिसायला हवा असायचा, त्यांना तो उगवायला. पुढे वाचताना लक्षात आले की चंद्रावर यान उतरवणाऱ्यांनाही नेमके हेच लागते. चंद्राचे कॅलेंडर हाती घेतल्याशिवाय त्यांचे पानही हलत नाही. ते कसे, हे ओघात येईलच.

चंद्रावर जाण्याचा विचार पहिल्यांदा गांभीर्याने मांडला गेला तो १९९९ मध्ये, भारतीय विज्ञान अकादमीच्या बैठकीत. पुढच्या वर्षी ॲस्ट्रॉनॉटिकल सोसायटीत पुन्हा चर्चा झाली. डॉ. कस्तुरीरंगन तेव्हा इस्रोचे अध्यक्ष होते. त्यांनी काय केले, तर घोषणा केली नाही. एक कृतिगट नेमला. आपल्याकडे काय आहे, काय नाही, किती खर्च येईल, आणि मुख्य म्हणजे अमेरिका आणि रशिया जाऊन आल्यावर तिथे शोधण्यासारखे काही उरले आहे का, याचा अहवाल मागवला. एप्रिल २००३ मध्ये शंभरावर शास्त्रज्ञ या अहवालावर बसले. त्यात भूगर्भवाले होते, रसायनवाले होते, खगोलवाले होते, संपर्कयंत्रणेतले होते. त्यांनी होकार दिला आणि मग १५ ऑगस्ट २००३ ला पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी लाल किल्ल्यावरून देशाला सांगितले. शास्त्रज्ञांनी मोहिमेचे नाव 'सोमयान' योजले होते, ते वाजपेयींनी 'चंद्रयान' केले, असे सांगतात. वाजपेयी कवी होते. सोम म्हटले की संस्कृतवाला चंद्र समजेल, पण बाकीचे लोक सोमवार समजतील किंवा सोमरस. चंद्र म्हटले की कुणाला कोश उघडावा लागत नाही. कवीचा उपयोग कधी कधी एवढाच असतो, पण असतो.

आता आखणीकडे येऊ. घरात लग्न निघाले की आधी पाहुण्यांची यादी होते आणि मग पैशाकडे बघून ती कापली जाते. इथे उलटे होते. हातात एक गाडी होती, तिच्यात मावेल तेवढेच सामान घ्यायचे होते. ती गाडी म्हणजे पीएसएलव्ही. उपग्रह सोडण्यात ती भरवशाची ठरली होती, पण तिचे बळ बेताचे. यान सरळ चंद्राकडे भिरकावून देण्याची तिची ताकद नव्हती. अमेरिकेची माणसे १९६९ मध्ये चार दिवसांत चंद्रापाशी पोचली, कारण त्यांच्याकडे अजस्र रॉकेट होते. आपल्या लोकांनी दुसरा मार्ग काढला, तो समजायला नागपंचमीचा झोका डोळ्यांसमोर आणावा. झोका उंच न्यायचा तर एकदम मोठा धक्का देऊन चालत नाही. तो आपल्यापाशी आला की एक रेटा, परत आला की आणखी एक. यान आधी पृथ्वीभोवती लांबट कक्षेत फिरत ठेवायचे, ते फिरून पृथ्वीजवळ आले की इंजिन थोडा वेळ चालवायचे, की कक्षेचे दुसरे टोक आणखी दूर जाते. असे करत करत ते टोक चंद्रापर्यंत न्यायचे. वेळ जातो, पण इंधन वाचते आणि लहान गाडीत काम भागते.

या गाडीचे बरेचसे हाडपेर आपल्याकडचे आहे, हे आपण मराठी माणसे विसरतो. तिच्या पहिल्या टप्प्याची मोठी पोलादी कवचे इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात घडतात, दुसऱ्या टप्प्याचे विकास इंजिन विक्रोळीला गोदरेजमध्ये. आणि पहिल्या टप्प्यात जे घन इंधन जळते, त्या विद्येची भारतात पायाभरणी करणाऱ्यांत डॉ. वसंत गोवारीकरांचे नाव पहिल्या ओळीत येते. गोवारीकरांकडे मी परत येणार आहे. आमच्या शेतकऱ्यांना ते रॉकेटसाठी नव्हे, पावसासाठी आठवतात.

तर यानाचे उड्डाणाच्या वेळचे वजन भरले १,३८० किलो. त्यात बहुतेक इंधन. उपकरणे अकरा बसवली. पाच आपली, तीन युरोपची, दोन अमेरिकेची आणि एक बल्गेरियाचे. परक्यांच्या उपकरणांना जागा देण्यावरून काहींनी नाके मुरडली, पण मला तो निर्णय या सगळ्या आखणीतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे जे चांगले नव्हते ते दुसऱ्याकडून घेतले आणि बदल्यात त्याला आपल्या गाडीतून नेले. शेवटी त्याचे फळ काय मिळाले ते सांगतोच. मधल्या काळात डॉ. अब्दुल कलामांनी एक सूचना केली. एवढे चंद्राभोवती फिरणारच आहात तर काहीतरी त्याच्या अंगावर टाका, म्हणजे आपण तिथे पोचल्याची खूण राहील. झालेल्या आखणीत नवी वस्तू घुसवणे हे अभियंत्याला किती नकोसे असते! तरी जवळपास ३५ किलोची एक पेटी तयार झाली. तिच्या बाजूंवर तिरंगा होता. पण नुसता झेंडा टाकायला वजन खर्च करणे त्यांना पटेना, म्हणून तिच्यात कॅमेरा, उंची मोजणारे यंत्र आणि हवेचे कण तपासणारे एक उपकरणही बसवले.

२२ ऑक्टोबर २००८. सकाळी सहा वाजून बावीस मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून चंद्रयान निघाले. नांदेडला त्या दिवसांत कुणाला वर बघायला सवड नव्हती. गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा आठवड्यावर आला होता. रस्ते खोदलेले, पूल रंगवलेले, देशभरातून भाविक उतरत होते. शिवाजीनगरच्या चहाच्या गाड्यावर कुणीतरी पेपरातले यानाचे चित्र दाखवले तेव्हा चहावाला म्हणाला, "तिथं काय प्लॉटिंग पाडायलेत का?" गावात तेव्हा जमिनीचे भाव चढत होते, त्यामुळे हा प्रश्न त्याच्या दृष्टीने अगदी व्यवहाराचा होता. मोहिमेचा खर्च होता ३८६ कोटी रुपये. देशातल्या माणसांत वाटला तर डोई तीन-साडेतीन रुपये पडतात. गाड्यावरच्या एका चहाएवढे.

१४ नोव्हेंबरला ती तिरंगी पेटी सुटली आणि दक्षिण ध्रुवाजवळच्या शॅकल्टन विवराच्या बाजूला जाऊन आदळली. खाली पडता पडता तिच्यातल्या उपकरणाने पाण्याच्या कणांची नोंद केली. ती बाब पुढे २०१० मध्ये शोधनिबंधातून आली. त्याआधीच, २४ सप्टेंबर २००९ ला, अमेरिकेच्या उपकरणाच्या निरीक्षणांवरून जगाला कळले की चंद्राच्या मातीत पाण्याचे रेणू आहेत. अपोलोच्या माणसांनी आणलेल्या दगडांवरून चाळीस वर्षे सगळे म्हणत होते, चंद्र ठणठणीत कोरडा आहे. एका लहान गाडीतून गेलेल्या पाहुण्या उपकरणाने ते मत बदलले.

यान मात्र ही बातमी येण्याआधीच गेले होते. आखणी होती दोन वर्षांची. चंद्राच्या तापलेल्या पृष्ठभागाची धग अंदाजापेक्षा जास्त निघाली, दिशा ओळखणारे संवेदक निकामी झाले, कक्षा शंभरावरून दोनशे किलोमीटरवर न्यावी लागली, आणि २९ ऑगस्ट २००९ ला संपर्क तुटला. ३१२ दिवस झाले होते. पुढे २०१७ मध्ये नासाने सांगितले, रडारने शोध घेतला तर ते मुके यान अजून चंद्राभोवती फिरताना सापडले.

आता पाण्याचे. चंद्रावर पाणी सापडले म्हणजे विहीर सापडली नाही. शास्त्रज्ञांनी तेव्हा हिशेब सांगितला तो असा, की वरच्या थरातली एक टन माती घेतली तर तिच्यातून साधारण एक लिटर पाणी निघेल. आमच्याकडची घागर पंधरा लिटरची धरा. एका घागरीला पंधरा टन माती.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मी लातूरला एका कवितावाचनाला गेलो होतो आणि खालाकडे उतरलो होतो. मांजरा धरणाने तळ गाठलेला. मार्चमध्येच पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती १४४ कलम लावायची वेळ आली होती. दारात निळे पिंप, त्यावर कुलूप. होय, पाण्याच्या पिंपाला कुलूप. पाहुणा म्हणून खालाने मला हात धुवायला तांब्या दिला आणि स्वतः ओल्या फडक्याने हात पुसले. बोलता बोलता माझ्या तोंडून चंद्राच्या पाण्याचा विषय निघाला, तशी ती म्हणाली, "चाँद पे पानी मिल्या कते, बेटा. हमारे नल कू कब मिलता?"

१२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून 'जलदूत' रेल्वे लातूरला पोचली. दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. टाक्या राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन आणल्या होत्या. पुढे पन्नास पन्नास टाक्यांच्या गाड्या आल्या. रेल्वेच्या आणि जिल्ह्याच्या लोकांनी घाईत का होईना पण चांगली आखणी केली, हे मान्य करायला हवे. तरी पाणी प्यायला रेल्वेची वाट बघणारे शहर, हे चित्र ज्याने पाहिले तो चंद्रयानाचे नाव निघाल्यावर 'कशाला?' विचारणारच. खालाच्या प्रश्नाला मी अडाणीपणाचा प्रश्न कधी म्हणणार नाही. साराभाईंनीही वेगळ्या शब्दांत तोच विचारला होता.

उत्तर मात्र तिरके आहे. चंद्रावर जे काळसर डाग दिसतात, ज्यांना कुणी ससा म्हणते, कुणी हरीण, आमच्या घरी चरखा कातणारी म्हातारी म्हणत, ते डाग म्हणजे अब्जावधी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा आहे, बेसाल्ट. लातूरच्या मातीखाली जो काळा पाषाण आहे तो त्याच कुळातला, फक्त वयाने लहान, साडेसहा कोटी वर्षांचा. हा दगड पाणी धरत नाही. पाणी मुरते ते त्याच्या भेगांत आणि कुजलेल्या थरांत. ती भेग नेमकी कुठे आहे हे शेतात उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही, पण उपग्रहातून घेतलेल्या चित्रात रेघेसारखी दिसू शकते. १९९९ पासून, म्हणजे चंद्रमोहिमेची पहिली चर्चा झाली त्याच वर्षापासून, राजीव गांधी पेयजल मिशनसाठी हैदराबादच्या दूरसंवेदन संस्थेने उपग्रहचित्रांवरून भूजलाचे नकाशे करायला घेतले. साराभाईंच्या वाटेवरचे ते काम चंद्रामुळे थांबले नाही. दोन्ही कामे एकाच संस्थेत, एकाच वेळी चालली.

नकाशे झाले, पण नकाशा पाणी आणत नाही. मांजरेच्या खोऱ्यात पाऊस बेताचा आणि ऊस मात्र भरमसाट. ज्या दगडात पाणी मुळातच थोडे, त्यात हजार हजार फूट बोअर गेले. किती पाणी आहे, किती उपसले, पुढच्या उन्हाळ्याला किती उरेल, हा जमाखर्च कुणी ठेवला नाही. चंद्रयानात एखाद्या खिळ्याचे वजन वाढले तर त्यावर बैठक बसते. इकडे अख्ख्या धरणाचा हिशेब अंदाजपंचे. चंद्रयानाच्या ३८६ कोटींनी लातूर कोरडे पडले नाही, हे मी खालालाही सांगितले. तिला पटले की नाही माहीत नाही. तिने विचारले, मग त्या बैठकवाल्यांना इकडे का बसवत नाहीत?

बसवले होते की एकदा! गोवारीकरांची गोष्ट इथे येते. रॉकेटच्या इंधनात हयात घालवलेला हा माणूस विक्रम साराभाई अवकाश केंद्राचा संचालक होऊन पुढे दिल्लीला गेला आणि पावसाच्या मागे लागला. समुद्राचे तापमान, हिमालयातला बर्फ, वाऱ्यांचे दाब असे सोळा घटक घेऊन १९८८ पासून मान्सूनचा अंदाज देणारे प्रारूप तयार झाले. रेडिओवर 'सरासरीच्या इतके टक्के' हा शब्दप्रयोग आमच्या खेड्यापाड्यांत रुळला तो तेव्हा. बरीच वर्षे अंदाज जमला आणि २००२ च्या दुष्काळात साफ चुकला. पुढच्याच वर्षी हवामान खात्याने प्रारूप बदलले. या चुकण्याला हसणारे पुष्कळ भेटले, पण चुकले म्हणून ते तपासले आणि बदलले, हे त्यातले महत्त्वाचे.

आणि हेच चंद्रावर पुढे घडले. चंद्रयान-२ ला मंत्रिमंडळाची मंजुरी सप्टेंबर २००८ मध्ये, पहिले यान उडण्याआधीच मिळाली होती. ठरले असे, की चंद्राभोवती फिरणारे यान आपण करायचे आणि उतरणारी गाडी, म्हणजे लँडर, रशियाने द्यायचा. २०११ च्या नोव्हेंबरात मंगळाच्या एका उपग्रहाकडे निघालेले रशियाचे 'फोबोस-ग्रुंट' पृथ्वीच्या कक्षेतच अडकले. त्या अपयशानंतर लँडरचे वेळापत्रक ढासळले आणि शेवटी आपण तो स्वतःच करायचे ठरवले. करार कोलमडला म्हणून विद्या हाती आली, असे म्हणायला हरकत नाही. पण वर्षे गेली. २२ जुलै २०१९ ला उड्डाण झाले. ७ सप्टेंबरच्या उत्तररात्री उतरताना, चंद्र दोन किलोमीटरवर राहिला असताना, संपर्क तुटला. इस्रोचे अध्यक्ष के. सिवन यांना रडू आवरले नाही, ते सगळ्या देशाने पाहिले.

माणूस नसलेल्या यानाची आखणी का अवघड, हे इथे समजून घ्यायला हवे. इथून दिलेला आदेश चंद्रावर पोचायला सव्वा सेकंदाहून थोडे जास्त लागते, उत्तर यायला तेवढेच. उतरण्याच्या शेवटच्या मिनिटांत एवढा उशीर परवडत नाही, म्हणून निर्णय यंत्रावर सोडावे लागतात. म्हणजे जे जे काही घडू शकते ते सगळे माणसांनी आधी, बंगळुरूत बसून, कल्पनेने पाहायचे आणि त्याचे उत्तर यंत्राला शिकवून पाठवायचे. आणखी दूरच्या चंद्रांची तर गोष्टच नको. शनीच्या टायटन या चंद्रावर युरोपची 'ह्युजेन्स' ही कुपी १४ जानेवारी २००५ ला उतरली. तिचा निरोप आपल्यापर्यंत यायला तासाभराहून जास्त लागत होता. ती आणि तिला नेणारे 'कॅसिनी' यान १९९७ मध्ये निघाले, आणि २००० मध्ये एका चाचणीत लक्षात आले की कुपीचा आवाज ऐकणाऱ्या कॅसिनीच्या यंत्रात खोट आहे. दोघांच्या वेगातल्या फरकाने बदललेला सूर त्याला नीट पकडता येणार नाही. यान तेव्हा कोट्यवधी किलोमीटर पुढे गेलेले, हात पोचणार नाही. मग त्यांनी वाटच बदलली. कॅसिनी आधीच्या बेतापेक्षा खूप दुरून जाईल आणि वेगातला फरक कमी पडेल, असा नवा मार्ग आखला. काम फत्ते झाले. तरीही एक आदेश द्यायचा राहून गेला आणि दोनपैकी एका वाहिनीवरची माहिती, जवळपास निम्मी छायाचित्रे, कायमची हरवली. कितीतरी देशांचे शहाणे बसले तरी यादीतली एक ओळ सुटते ती अशी.

चंद्रयान-२ चे शवविच्छेदन बारकाईने झाले. नंतरचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी ते उघडपणे सांगितले. पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त रेटा दिला आणि चुका साठत गेल्या. त्या सुधारायला लँडरला झपाट्याने वळावे लागले, पण तेवढ्या वेगाने वळण्याची मुभा त्याला दिलेली नव्हती. आणि उतरायची जागा अर्धा किलोमीटर लांब, अर्धा किलोमीटर रुंद एवढीच ठरवलेली, म्हणून जमीन जवळ येत असतानाही तो त्या जागेकडे धावत राहिला. पुढच्या वेळी आखणीच उलटी केली. सगळे बरोबर झाले तर कसे उतरेल, याऐवजी काय काय बिघडेल आणि तरी कसे उतरेल, इथून सुरुवात. इंजिने पाचाऐवजी चार. पाय मजबूत. इंधन जास्त. सौरपट्ट्या जास्त बाजूंना, म्हणजे तोंड कुठेही झाले तरी ऊन मिळावे. वेग मोजायला लेझरचे नवे यंत्र. जागा चार किलोमीटर बाय अडीच. सरावासाठी कर्नाटकातल्या चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरेला खड्डे खणून खोटा चंद्र केलेला होता, आणि चंद्राच्या मातीसाठी तामिळनाडूच्या सीतमपुंडीचा दगड दळलेला.

आता ते कॅलेंडर. चंद्रावर एक दिवस आपल्या चौदा दिवसांचा, रात्र तेवढीच, आणि त्या रात्रीची थंडी यंत्रे गोठवणारी. म्हणून जिथे उतरायचे तिथे नुकताच सूर्य उगवलेला हवा, म्हणजे पूर्ण चौदा दिवस कामाला मिळतात. तिथी चुकली तर सरळ महिना वाट पाहायची. देशपांडेकाकूंचे ताट आणि आमचे धाबे मला आठवले ते इथे. १४ जुलै २०२३ ला निघालेले यान झोके घेत घेत गेले आणि निज श्रावण शुद्ध सप्तमीला, २३ ऑगस्टच्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी उतरले. नागपंचमी होऊन दोन दिवस झाले होते. आमच्याकडे त्या महिन्यात पाऊस नव्हता. १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. सोयाबीन माना टाकत होते. नांदेडला आभाळ मोकळे होते आणि टीव्हीसमोरून उठून लोक अंगणात आले तेव्हा अर्ध्याला टेकलेला चंद्र वर होता. त्याच्या उजेड-अंधाराच्या रेघेपासून उजेडाच्या बाजूला, पार खाली दक्षिणेकडे, कुठेतरी ते चौपायी यंत्र उभे होते. शेजारचे काका म्हणाले, "बरं झालं. आता तिकडून एखादा ढग पाठवा म्हणावं."

त्या यंत्रात एक उपकरण होते ज्याची बातमी वाचून लातूरचा माणूस थबकला असेल. 'इल्सा' नावाचे भूकंपमापक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हलली तेव्हा मी विशीत होतो. हा भाग स्थिर आहे, इथे भूकंप होत नाही, असे आम्हाला तोवर शाळेत शिकवले होते. हजारो माणसे माती-दगडांच्या भिंतींखाली झोपेतच गेली. चंद्रावर एकही भिंत नाही, एकही माणूस झोपलेला नाही, आणि तरी तिथली जमीन थरथरते का हे ऐकायला आपण कान लावून ठेवला. २६ ऑगस्टला त्याने एक नैसर्गिक वाटणारी थरथर टिपली. पुढे तिथे कुणी काही बांधायला गेले तर त्याला निदान एवढे तरी माहीत असेल. दुसऱ्या एका उपकरणाने मातीत काडी खुपसून तापमान पाहिले. वर पन्नास अंशांहून जास्त, आणि आठ सेंटीमीटर खाली उणे दहा. एका वितीच्या आत उन्हाळा आणि हिवाळा. लँडर ठरल्याप्रमाणे चालला, झोपवला, आणि रात्रीनंतर उठला नाही. उठेलच असे कुणी वचन दिले नव्हते.

सप्टेंबर २०२४ मध्ये चंद्रयान-४ ला २,१०४ कोटींची मंजुरी मिळाली. ते चंद्रावरची माती परत आणणार. दोन उड्डाणे, वर कक्षेत भाग जोडायचे, उतरायचे, पुन्हा उडायचे, परत पृथ्वीवर यायचे. आखणी आधीच्या सगळ्यांपेक्षा गुंतागुंतीची आहे. आणि मार्च २०२५ मध्ये जपानबरोबरच्या चंद्रयान-५ लाही होकार मिळाला. लँडर आपला; रॉकेट आणि फिरती गाडी जपानची. ती गाडी दक्षिण ध्रुवाकडे नुसते पाणी शोधायला जाणार. तिच्यात छिद्र पाडायचे यंत्र असेल आणि ते दीड मीटर खोल जाईल.

हे मी खालाच्या धाकट्या मुलाला सांगितले. तो लातूरला बोअरच्या गाडीवर काम करतो. दीड मीटर ऐकून तो हसला. म्हणाला, "भाईजान, तेवढ्यात तर आमची केसिंगपण बसत नाही." मग थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारले, तिथे दगड कसा आहे, काळा की मुरूम?